राग, कुढणं आणि नैराश्य : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनाच्या आरोग्यावर बोलायला मंडळात बोलावतात तेव्हा सभागृहात कुणी प्रश्न विचारत नाही. प्रश्न येतात नंतर, चपला घालताना. "माझ्या एक ओळखीच्या आहेत, त्यांचं विचारायचं होतं." या ओळखीच्या कोण, ते आम्हा दोघींनाही ठाऊक असतं, आणि दोघीही तसं दाखवत नाही. लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो की रामबाग, प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. हे वाचून निदान करता येणार नाही, डॉक्टरांकडे जायचं की नाही हे मात्र ठरवता यावं. उदाहरणांतली माणसं बऱ्याच घरांतून थोडी थोडी घेऊन जोडलेली आहेत, तेव्हा त्यांत शेजारी शोधू नयेत.

राग आणि नैराश्य तर एकदम उलट ना? एकात माणूस पेटतो, दुसऱ्यात विझतो. तुम्ही दोन्ही एकत्र का घेता?

कारण आपल्या भाषेनं ते आधीच एकत्र घेतलेत. 'कुढणं' हा शब्द बघा. कुढणारा माणूस रागावलेला असतो की दुःखी? दोन्ही. वर तो एकच गोष्ट मनात घोळवतही असतो. हिंदीतलं 'कुढ़ना' तेच सांगतं, त्यामुळे इंदुरात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

मानसशास्त्रात यावर मोठा वाद झाला. फ्रॉइडनं १९१७ साली मांडलं की, गमावलेल्या माणसावरचा राग उलटून स्वतःवर येतो आणि त्यातून विषण्णता येते. 'नैराश्य म्हणजे आत वळलेला राग' हे वाक्य तेव्हापासून फिरतंय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एरन बेक यांनी ते तपासायचं ठरवलं. नैराश्यातल्या रुग्णांच्या स्वप्नांत राग, वैर सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. सापडलं वेगळंच : हरणं, गमावणं, नाकारलं जाणं. तिथून त्यांची सगळी वाट बदलली आणि पुढे विचारांवर काम करणारी उपचारपद्धती उभी राहिली.

म्हणजे फ्रॉइडचं म्हणणं जसंच्या तसं टिकलं नाही. पण दोन्हींना जोडणारा एक धागा पक्का निघाला, तो म्हणजे घोळवणं. सुसान नोलेन-हूक्सेमा या संशोधिकेनं दाखवलं की, 'माझ्याच बाबतीत असं का' हे चक्र फिरवत राहणाऱ्यांचं नैराश्य जास्त गडद होतं आणि लांबतं. रागाचंही तसंच. भावजय लग्नात काय बोलली हे अकरा वर्षांनी रात्री दोन वाजता आठवलं की छाती तितकीच धडधडते. पहाटेपर्यंत त्या धडधडीची उदासी झालेली असते. मी ज्यांच्याशी बोलते त्यांतल्या बहुतेकांना राग आणि उदासी यांतली सीमा दाखवता येत नाही, आणि मीही ती दाखवायचा हट्ट सोडलाय.

यांना नैराश्य कसं असेल? दिवसभर ओरडत तर असतात!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय, आणि जवळजवळ नेहमी बायकांकडून.

नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीशी बसलेली, डोळे पुसणारी बाई येते. निवृत्त झालेला, पेपरची घडी कुणी मोडली म्हणून घर डोक्यावर घेणारा पुरुष येत नाही. तो 'पहिल्यापासूनच तापट' असतो. खरंच पहिल्यापासून होता का? बहुतेक घरांत जरा खोदलं की कळतं, तापट होता, पण हसायचाही. पोह्यांवर शेव कमी पडली तर पूर्वी विनोद करायचा, आता ताटली सरकवतो. राजवाड्यापर्यंत चक्कर मारणं बंद झालंय. नाटकाचं सभासदत्व आहे, पण या वर्षी एकही प्रयोग पाहिला नाही. पहाटे चारला जाग येते. हे बदल मोजायचे.

निदानाच्या अमेरिकी निकषांत नऊ लक्षणं आहेत. त्यांतली किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात, आणि त्यांत एक तरी उदास मनःस्थितीचं किंवा कशातच रस न उरण्याचं असावं लागतं. लहान आणि किशोरवयीन मुलांत उदासीऐवजी चिडचिड असली तरी ती धरली जाते. मोठ्यांसाठी ही सवलत नाही, पण चिडचिडीमागे नैराश्य निघालेली मोठी माणसं कुणाही अनुभवी डॉक्टरनं पाहिलेली असतात.

आता एक विसंगती पाहा. नैराश्याचं निदान बायकांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होतं. आणि २०२२ साली देशात नोंदलेल्या आत्महत्यांत दर दहांपैकी सात पुरुष होते. याची कारणं अनेक आहेत. पण पुरुषाचं दुःख आपल्याला रागाच्या वेषात ओळखू येत नाही, हे त्यांतलं एक आहे असं मला ठाम वाटतं.

राग येतो तरी कशानं?

१९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या मंडळींनी साधं सूत्र दिलं : वाट अडली की आक्रमकता येते. ते फारच साधं निघालं. पन्नास वर्षांनी, १९८९ मध्ये, लेनर्ड बर्कोविट्झ यांनी ते दुरुस्त केलं. अडथळाच कशाला, कुठलाही त्रास पुरतो. दुखरा गुडघा, उकाडा, भूक, अपुरी झोप. मे महिन्यातल्या दुपारी घरातली भांडणं का वाढतात याला पत्रिका बघायची गरज नाही.

पण त्रास आणि भडका यांच्यामध्ये आणखी काहीतरी असतं : आपण लावलेला अर्थ. मागच्यानं हॉर्न वाजवला. 'त्याला घाई असेल' आणि 'मला दाबतोय' या दोन अर्थांतून दोन वेगळी माणसं घरी पोहोचतात. समोरच्याचा हेतू वाईटच असणार असं गृहीत धरायची सवय काहींना लहानपणीच लागते. केनेथ डॉज यांनी १९८० च्या सुमारास शाळकरी मुलांत ती दाखवली. ज्या घरात खरोखरच कुणी कधी फटका मारेल याचा नेम नव्हता, तिथं ही सवय शहाणपणाचीच होती. घर सुटलं तरी ती सुटत नाही, एवढाच तिचा दोष.

आणि तिसरं, माझं आवडतं : 'च'. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की आपल्याला त्रास देतात त्या आपल्याच हट्टी मागण्या. ही विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवायचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. मराठीत तर ती मागणी एका अक्षरात पकडता येते. 'मुलानं रोज फोन करावा' ही इच्छा आहे. 'मुलानं रोज फोन केलाच पाहिजे' हा हुकूम आहे, आणि बंगळूरमध्ये रात्री नऊपर्यंत मीटिंगमध्ये अडकलेल्या मुलाला तो पोहोचलेलाही नसतो. हुकूम मोडला की राग. तोच हुकूम स्वतःला सोडला, 'मला जमलंच पाहिजे', आणि नाही जमलं, की नैराश्य. मी लोकांना एक दिवस फक्त आपले 'च' मोजायला सांगते. एका काकूंनी संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस मोजले आणि म्हणाल्या, "यांचे मोजायचेच राहिले." हा चव्वेचाळिसावा.

राहिलं वड्याचं तेल वांग्यावर. साहेबाचा राग घरी निघतो, सासूचा मुलांवर. त्याला शास्त्रीय नावही आहे, पण म्हण पुरेशी आहे.

आणि नैराश्य? सगळं काही आहे, तरी माणूस उदास का होतो?

'सगळं काही आहे' या यादीत सहसा घर, गाडी, मुलांच्या नोकऱ्या असतात. नैराश्याची यादी निराळी आहे.

बेक यांना त्यांच्या रुग्णांत तीन दिशांना पसरलेला एकच काळोख दिसला : मी निरुपयोगी, जग निष्ठुर, पुढेही असंच. यातलं तिसरं सगळ्यात घातक. पुढचं दार बंद दिसलं की माणूस हात हलवणंही सोडतो.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आजच्या नजरेनं क्रूरच. १९६७ मध्ये सेलिग्मन आणि मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, जे थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पुढे त्यांना सहज उडी मारून सुटता येईल अशा खोक्यात ठेवलं, तरी त्यांतली साधारण दोनतृतीयांश तशीच पडून राहिली. याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं. गंमत म्हणजे २०१६ मध्ये याच दोघांनी सांगितलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे.

मला हे पटायला पुस्तक लागलं नाही. आमच्या काकांची कापडगिरणी बंद पडली तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. देणी अडकली. पुढची कित्येक वर्षं कोर्टाची तारीख हेच त्यांचं कॅलेंडर होतं. पहिली दोन वर्षं ते मोर्चाला जायचे, भांडायचे, घोषणा द्यायचे, आणि घरात मात्र शांत असायचे. मग मोर्चे थांबले आणि घरातलं ओरडणं सुरू झालं. दिवा कुणी चालू ठेवला, नळ कुणी नीट बंद केला नाही. शेवटी तेही थांबलं. आम्ही म्हणालो, बरं झालं, काका निवळले. निवळले नव्हते. आज मला तो उतार पायरीपायरीनं दिसतो, तेव्हा कुणालाच दिसला नाही.

बायकांच्या बाबतीत १९७८ चा एक अभ्यास मी नेहमी सांगते. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनमधल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या. संकट कोसळल्यावर कोण कोलमडतं? चार गोष्टी निघाल्या : जिनं अकरा वर्षांच्या आत आई गमावली, जिच्या घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, जिला बाहेर काम नाही, आणि जिला मनातलं सांगावं असं जवळचं माणूस नाही. लंडन कुठं आणि आपलं इंदूर कुठं, पण शेवटची गोष्ट वाचून दाखवली की बायकांच्या घोळक्यात एकदम शांतता पसरते. घरात सात माणसं असूनही ते माणूस नसू शकतं.

मुलगा भंवरकुआंला एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेशच्या राज्यसेवा परीक्षेची तयारी करतोय. दोन प्रयत्न हुकले. आता काही विचारलं की अंगावर येतो.

तुम्ही काय विचारता? "अभ्यास झाला का?" त्याला ऐकू येतं, "यंदा तरी होणार का?"

अशा मुलांत मला राग कमी आणि लाज जास्त दिसते. जून टँगनी या संशोधिकेनं अपराधीपणा आणि लाज यांतला फरक चांगला उलगडलाय. 'मी चूक केली' म्हणणारा सुधारायला बघतो. 'मीच चुकीचा' म्हणणारा लपतो, नाहीतर अंगावर येतो, कारण ते सहन होत नाही. त्यात आत्याचा मुलगा पहिल्याच प्रयत्नात निघालेला असतो, आणि गणपतीच्या आरतीला तो भेटतोच.

दोन आठवडे निकालाचा विषय पूर्ण बंद ठेवून पाहा. जेवणावर बोला, क्रिकेटवर बोला. झोप, जेवण, मित्र आणि आंघोळ या चारांपैकी दोन बिघडलेल्या असतील तर थांबू नका, त्याला समुपदेशकाकडे न्या. परीक्षा झाल्यावर बघू, हे उत्तर नाही.

मनात ठेवण्यापेक्षा एकदाची आदळआपट केली की राग निघून जातो ना?

नाही. हा गैरसमज सुशिक्षितांत जास्त आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर हे तपासलं. आधी त्यांना अपमानास्पद शेरा देऊन चिडवलं. मग काहींना तो शेरा देणारा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावलं. काहींना दोन मिनिटं नुसतं बसवलं. सगळ्यात जास्त राग ठोसे मारणाऱ्यांचा उरला. दोन मिनिटं गप्प बसलेले सगळ्यात निवळलेले.

भांडी आपटल्यावर हलकं वाटतं, ते खरं आहे. म्हणूनच सवय लागते.

मग काय, गिळायचा?

गिळूही नका. चेहरा कोरा ठेवून भावना दाबली तर आतली खळबळ कमी होत नाही, शरीराचा ताण उलट वाढतो. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत हे दिसलंय. आणि आपल्या घरांतला अबोला हे गिळणं नाहीच, ते चावणं आहे. तीन दिवस मुलांमार्फत "बाबांना सांग, जेवण वाढलंय" चालतं, त्यात मुलंच सगळ्यात जास्त भरडतात.

मधली वाट कंटाळवाणी आहे, पण चालते. आधी शरीर उतरवा : लांब श्वास सोडणं, उठून पाणी पिणं, वीस मिनिटं विषय बाजूला ठेवणं. 'वीस मिनिटांनी बोलू' असं सांगून जा, न सांगता गेलात तर तो अबोला होतो. मग एकच घटना, एकच मागणी. "तुम्ही नेहमीच माझा अपमान करता" ऐवजी "काल पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकावर हसलात, मला लागलं, पुन्हा करू नका." 'नेहमी' आणि 'कधीच' हे दोन शब्द काढले तरी निम्मं भांडण संपतं.

आणि राग रास्तही असू शकतो, हे विसरू नका. ज्या घरात मारहाण होते, पैसे हिसकावले जातात, तिथं बाईला राग आवरायला शिकवणं हा उपचार नाही. तिथं आधी सुरक्षितता, मग बाकीचं. बायकांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक त्यासाठी आहे.

आमच्याकडे हे वंशपरंपरेनं आहे. आजोबाही असेच होते. मग उपयोग काय?

जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के धरतात. उरलेला वाटा मोठा आहे. शिवाय आजोबांकडून रक्त आलं तसा वागायचा नमुनाही आला. नातू चिडल्यावर दार कसं आपटतो ते बघा, हुबेहूब. ते गुणसूत्रांत नाही, बघून बघून आलेलं आहे.

आधी रक्त तपासावं का?

हो, आणि हे समुपदेशकानं सांगायला लाजू नये. थायरॉइड मंदावलेलं, बी-१२ कमी, रक्तक्षय, साखर वरखाली, यांत थकवा, उदासी, चिडचिड हुबेहूब तशीच दिसते. शाकाहारी घरांत बी-१२ कडे विशेष लक्ष द्या. रोजची दारूही यात मोजा. ती झोप लावते असं वाटतं, प्रत्यक्षात झोप मोडते आणि उदासी वाढवते.

गोळ्यांची सवय लागते का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि किरकोळ त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात, म्हणून लोक नेमक्या चुकीच्या वेळी सोडतात. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायच्या असतात. एकदम तोडल्या तर चक्कर, अस्वस्थता येऊ शकते, डॉक्टर हळूहळू उतरवतात. झोपेच्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे, त्यांची सवय लागू शकते. दुकानातून परस्पर आणू नका.

जप, योगासनं, रोजचं फिरणं यानं भागणार नाही का?

सौम्य त्रासात बरंच भागतं, फिरण्यानं विशेषतः. मन लागेल तेव्हा जाऊ म्हणू नका, आधी जा, मन मागून येतं. जपाला बसल्यावर भावजयच आठवत असेल तर मात्र तो जप नाही, घोळवणं आहे.

रागाच्या भरात "मी मेलो की सुटाल सगळे" म्हणतात. मनावर घ्यायचं का?

घ्यायचं. प्रत्येक वेळी. धमकी आहे की खरं, हे घरच्यांनी ठरवायचं नसतं. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर एमवायची, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची कॅज्युअल्टी उघडी असते. पोलिसांचं भय बाळगू नका : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर टाकतं.

इंदुरात जायचं कुठं? बाणगंगेला नेलं तर लोक काय म्हणतील?

पुण्यामुंबईकडे येरवडा, ठाणे ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात आपल्याकडे बाणगंगा म्हणतात. तिथलं शासकीय मानसिक रुग्णालय हे रुग्णालयच आहे, पण नावाचा धसका असेल तर एमवायच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा, किंवा आपल्या घरच्या डॉक्टरकडूनच. फोनवर बोलायचं असेल तर १४४१६, टेली-मानस, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत.

लोकांचं म्हणाल तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती, त्यांत आपलं मध्य प्रदेशही. निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. म्हणजे जे नावं ठेवतील, त्यांच्यातही कुणीतरी गुपचूप सोसतंयच.

पण यांना "डॉक्टरकडे चला" म्हणायचं कसं? म्हटलं की आणखी भडकतात.

भांडणात कधीच म्हणू नका. "तुमचं डोकं तपासून घ्या" हे वाक्य शिवी म्हणून इतक्या वेळा वापरून झालंय की आता ते सल्ला म्हणून चालत नाही. झोपेवरून सुरुवात करा, छातीतल्या धडधडीवरून करा. ते खोटं नसतं, आणि पुरुषाला शरीराचं दुखणं कबूल करायला कमीपणा वाटत नाही.

एका बाईंनी याहून चांगली युक्ती केली. नवऱ्याला म्हणाल्या, "मला रात्र रात्र झोप नाही, माझ्याबरोबर चला, एकटी जायला भीती वाटते." ते आले, तिच्यासाठी म्हणून. मी दोघांनाही आळीपाळीनं आत बोलावलं. ती दहा मिनिटांत बाहेर गेली. ते तास उलटून गेला तरी बोलत होते. बाहेर आले आणि तिला म्हणाले, "तुला काही विशेष झालेलं नाही. मला गुरुवारी परत बोलावलंय."